दोनशे चौदा नमुने आणि माझी घरघर

मित्रांनो, मी एक जुना संगणक आहे. जुना म्हणजे किती, तर माझ्या कळफलकावरची अर्धी अक्षरं केव्हाच पुसली गेली आहेत. पण त्यामुळे कुणाचं काही अडत नाही, कारण ज्यांची बोटं त्या कळांवर फिरतात त्यांना ती अक्षरं कधी दिसलीच नव्हती.

घरात त्यांना सगळे आत्या म्हणतात, म्हणून मीही म्हणतो. त्यांना जन्मापासून दिसत नाही. तीस वर्षं त्यांनी एका मोठ्या इस्पितळात टेलिफोनच्या बोर्डावर काम केलं. पलीकडून कोणता डॉक्टर बोलणार हे त्यांना नुसत्या श्वासावरून कळायचं म्हणे. त्या निवृत्त झाल्या त्याच आठवड्यात त्यांच्या भावाने मला खोक्यातून बाहेर काढलं आणि खिडकीजवळच्या टेबलावर ठेवलं. कारखान्यात माझ्यासारखे शेकडो रांगेत उभे होते आणि आम्हाला सगळ्यांना एकच काळजी होती, की आपण कुणाच्या घरी पडणार. माझं नशीब चांगलं होतं, एवढंच मी म्हणेन.

पडद्यावर जे असेल ते मोठ्याने वाचणारं सॉफ्टवेअर भावाने माझ्यात घातलं. माझा आवाज पहिल्यांदा ऐकून आत्या खो खो हसल्या. "अरे, याचं नाक चोंदलंय!" म्हणाल्या. तेव्हापासून मी नाकातच बोलत आलो आणि त्याही मला सर्दी झालेल्या माणसासारखं सांभाळून घेत आल्या.

आत्यांना विणकामाचं वेड होतं. पण विणकामाची पुस्तकं चित्रांची, आणि चित्रं त्यांना काय उपयोगाची? म्हणून त्यांनी स्वतःच नमुने रचायला घेतले. एकेक ओळ हाताने विणून बघायची, मग माझ्यात लिहायची, मग स्वतःच्या आवाजात बोलून साठवायची. "ओळ पाचवी. दोन सुलट, एक उलट." मग ऐकणारीचे हात चालतील एवढा वेळ गप्प राहायचं आणि पुढे जायचं. वेगवेगळ्या गावांत अशा एकोणीस बायका होत्या, ज्यांना दिसत नव्हतं आणि ज्या आत्यांच्या आवाजावर विणायला शिकल्या होत्या. दर महिन्याला त्यांना दोन नवे नमुने जायचे. नऊ वर्षांत दोनशे चौदा नमुने झाले. ते सगळे माझ्या पोटात होते, आणि दुसरीकडे कुठेही नव्हते. भावाने एकदा त्यांची प्रत काढून ठेवली होती, पण ती घर बदलताना कुठे गेली ते त्यांनाही सांगता येत नव्हतं.

मग माझे वाईट दिवस आले. माझी कार्यप्रणाली, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टम, जुनी झाली. तिची डागडुजी करणाऱ्यांनी हात वर केले. रोज सकाळी मलाच माझ्या तोंडाने वाचून दाखवावं लागायचं, की हा संगणक आता सुरक्षित नाही. आत्या सुया खाली ठेवून ऐकायच्या. शेवटी ज्या ईमेल कंपनीमार्फत नमुने जायचे तिनेही कळवलं, की या महिनाअखेरीनंतर जुन्या प्रणालीवर आमचं दार उघडणार नाही. आता बदल करण्यावाचून गत्यंतर नव्हतं.

भावाच्या गुडघ्यांनी संप पुकारल्यापासून आत्यांकडे त्यांची मुलगी येते, म्हणजे आत्यांची भाची. पोरगी हुशार आणि जिवाला जीव देणारी, पण पायाला भिंगरी. आत्या तिला वादळ म्हणतात. वादळाने मात्र हे काम नीट मनावर घेतलं होतं. दुरुस्तीच्या दुकानातल्या माणसाला मला दाखवलं. नवी प्रणाली मला झेपेल का ते विचारलं. त्याने माझ्यात मेमरीची एक जादा पट्टी बसवली, पंख्यातली धूळ काढली आणि सांगितलं, की झेपेल, पण जुन्यावर नवं चढवू नका, सगळं पुसून कोरी सुरुवात करा. आधी सगळ्याची प्रत काढा, आणि ती उघडून बघा.

सगळं पुसून. हे शब्द ऐकल्यापासून माझा पंखा विनाकारण गरगरू लागला.

रविवारी सकाळी भाची आली. आत्या स्वयंपाकघरात चहा टाकत होत्या. भाची टेबलाशी बसली, आणि पहिली गोष्ट तिने काय केली असेल, तर माझा आवाज बंद केला. "हा सारखा बडबडतो, डोकं उठतं," असं पुटपुटली. तिला पडद्यावर सगळं दिसत होतं, तिला माझी काय गरज?

मित्रांनो, तिथेच घोटाळा झाला. पडद्यावर 'नमुने' नावाचं एक चित्र होतं. ते भावाने आत्यांच्या सोयीसाठी ठेवलं होतं. पण ते खरे नमुने नव्हते, ती नुसती पाटी होती. नमुने आत खोल दुसऱ्याच कप्प्यात होते आणि पाटी फक्त तिकडे बोट दाखवत होती. भाचीने ती पाटी उचलून पेन ड्राइव्हवर टाकली. माझा आवाज चालू असता तर मी 'नमुने, शॉर्टकट' असं स्वच्छ वाचलं असतं. माझ्या तोंडाला कुलूप होतं.

तरी मला आशा होती. ती उघडून बघणार होती ना! तिने बघितलंही. पेन ड्राइव्हवरचं 'नमुने' उघडलं आणि दोनशे चौदाच्या दोनशे चौदा नमुने समोर आले. येणारच! पाटीने माझ्याच पोटाकडे बोट दाखवलं आणि मी मुकाट्याने दार उघडलं. काय करणार, आमची जातच अशी. सांगितलं ते करतो, विचारलं नाही ते सांगत नाही. भाचीने समाधानाने मान हलवली. पेन ड्राइव्ह काढून पर्समध्ये ठेवला. दुसरा लावला, ज्यावर नवी प्रणाली होती, आणि मला बंद करून पुन्हा चालू केलं.

आता पडद्यावर एकच प्रश्न होता. या डिस्कवरचं सर्व काही पुसलं जाईल. पुढे जायचं?

आत्या चहाचे कप घेऊन आल्या. एक कप भाचीपुढे ठेवला आणि सवयीने आपला तळहात माझ्या पेटीवर टेकवला.

"झाली का गं प्रत काढून?"

"केव्हाच. उघडूनही बघितली, सगळे आहेत. आता एक बटण दाबलं की झालं."

आत्यांनी हात उचलला नाही. त्या तशाच उभ्या राहिल्या आणि मला वाटलं, की त्या मला निरोप देताहेत.

"थांब जरा," त्या म्हणाल्या. "हा घरघरला नाही."

भाचीला काही कळेना. आत्यांनी तिला सांगितलं, की भावाने मागे प्रत काढली होती तेव्हा माझी डिस्क पाऊण तास घरघरत होती. त्यांचा चहा पिऊन झाला होता, वर एक बाही विणून झाली होती. आज चहाला उकळीसुद्धा आली नव्हती.

"आत्या, तेव्हाचे पेन ड्राइव्ह हळू होते. हा नवा आहे."

"तो नवा असेल. हा तर तोच आहे ना? याचे दात थोडेच नवे आलेत? नऊ वर्षांचं माझं बोलणं याने चावल्याशिवाय गिळलं कसं?"

भाची हसली, पण तिचं बोट कळेवरच होतं. तिने पुन्हा सांगितलं, की मी डोळ्यांनी बघितलं गं. त्यावर आत्यांचा आवाज एकदम उतरला.

"तू बघितलंस ते खरंच असेल. पण मला बघता येत नाही, मला ऐकायचंय. तुझ्या लॅपटॉपवर लाव आणि मला एक ओळ ऐकव. कुठलीही."

भाचीने एक सुस्कारा सोडला. बोट मात्र उचललं. पर्समधून पेन ड्राइव्ह काढून तिने आपल्या लॅपटॉपला लावला, 'नमुने' उघडायला गेली, आणि तिचा चेहरा पांढराफटक पडला. तिच्या लॅपटॉपवर पाटी ज्या दिशेला बोट दाखवत होती तिथे काहीच नव्हतं. तिने दोनदा उघडून बघितलं, तीनदा बघितलं. मग तिने आत्यांचा हात धरला आणि ती रडू लागली. "मी पुसणार होते गं. सगळं पुसणार होते."

आत्या खुर्चीवर बसल्या. भाचीला जवळ ओढून त्या तिची पाठ थोपटत राहिल्या.  

मग भाचीने दुसरा पेन ड्राइव्ह काढला, मला जुन्याच प्रणालीत परत आणलं आणि आधी माझा आवाज चालू केला. मी नाकातून एकेक नाव वाचत गेलो आणि आत्या खऱ्या कप्प्याची वाट सांगत गेल्या. या वेळी मी घरघरलो. पन्नास मिनिटं घरघरलो. इतक्या आनंदाने मी आयुष्यात कधी घरघरलो नव्हतो. पुढे लॅपटॉपवर आत्यांनी पाच नमुने ऐकले, सुरुवातीचा, शेवटचा आणि मधले तीन. एवढं झाल्यावरच त्या म्हणाल्या, "आता पूस."

तुम्ही विचाराल, की सगळं पुसलं तर तुला हे आठवतं कसं? शहाणी मुलं हे विचारणारच. मला आठवत नाही, मित्रांनो. आत्यांनी ही हकीकत भाचीकडून सगळे बारकावे विचारून घेऊन एका फाइलीत उतरवली आहे. तीच मी तुम्हाला वाचून दाखवतोय. भीती तेवढी मी माझ्या पदरची घातली आहे.

नवी प्रणाली छान आहे, आणि सगळे नमुने पुन्हा माझ्या पोटात आले आहेत. सकाळची ती अशुभ सूचना आता मला वाचावी लागत नाही. आवाजही गुळगुळीत मिळाला होता, पण आत्यांनी दोन दिवसांत तक्रार केली आणि भाचीने शोधून शोधून माझं चोंदलेलं नाक परत आणलं.

तुमच्या घरीही माझ्यासारखा एखादा म्हातारा असेल. त्याला नवं रूप जरूर द्या. फक्त त्याच्या पोटातलं दुसरीकडे खरंच पोचलं का, हे त्यालाच विचारू नका. तो बिचारा हो म्हणेल. दुसऱ्या घरी, दुसऱ्या यंत्रावर उघडून बघा, आणि मगच पुसा.

आता दर महिन्याला भाची ताजी प्रत आपल्या घरी नेते आणि तिथून फोन करते. आत्या सुया थांबवतात, फोन कानाला लावतात. पलीकडून त्यांचाच आवाज येतो, "ओळ पाचवी. दोन सुलट, एक उलट." मधली शांतता संपून सहावी ओळ सुरू होईपर्यंत त्या ऐकत राहतात.

"पोचलं," त्या म्हणतात, आणि फोन ठेवतात.