एकोणीस खराब दिवस

सतरा तारखेच्या दुपारपर्यंत आलेखाची निळी रेघ सरळ होती. तिथून सहा तासांत ती निम्म्यावर उतरली आणि पूर्ववत व्हायला तिला दोन दिवस लागले. कागदावर हा खड्डा चार मिलिमीटर रुंद होता. संशोधिकेने तो पट्टी लावून मोजला होता.

रेघ होती शेकडो किलोमीटर उंचीवरच्या हवेतलं ऑक्सिजनचं नायट्रोजनशी प्रमाण दाखवणारी. सूर्याकडून आलेल्या कणांच्या झोताने पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र हादरलं, म्हणजे चुंबकीय वादळ आलं, की ध्रुवांकडची हवा तापते, फुगते आणि एरवी खाली बसून असणारा जड नायट्रोजन वर घुसतो. हलक्या ऑक्सिजनचा वाटा घटतो. अशा खड्ड्यांचे एकोणीस दिवस तिला सापडले होते. संस्थेच्या नोंदीत त्या सगळ्यांपुढे एकच शेरा होता: ‘खराब दिवस. वगळा.’

शेरा संचालकांचा. त्यांना रेघेवर सुरकुती खपत नसे, म्हणून माघारी सगळे त्यांना इस्त्रीसाहेब म्हणत. समोर अर्थातच ‘सर’. आठ वर्षं ती मुकाट्याने दिवस वगळत आली होती, आणि दरवर्षी ‘यंदा बोलायचंच’ असं स्वतःला बजावत होती.

आज निबंध छपाईला जायचा होता. ‘वरच्या वातावरणाचं अढळ संतुलन’. खाली दोघांची नावं. सही केली की तिनेच शोधलेलं तिच्याच नावाने खोटं ठरणार होतं. नाही केली, तर मिळू घातलेल्या विभागप्रमुखपदावर पाणी सोडायचं.

“करताय ना सही, मॅडम?” संचालकांनी पेनाचं टोपण स्वतः काढून दिलं. तिच्या कामाला त्यांचा एवढा हातभार पहिल्यांदाच लागत होता.

“सर, ते वादळाचे दिवस...”

“पुन्हा वादळ! अहो, वादळ म्हणजे पाहुणे. घरात माणसं किती विचारलं, तर पाहुणे धरतो का आपण?”

“घरच्यांना उठवून त्यांच्या जागी बसले, तर धरावे लागतात.”

शेजारच्या टेबलावरच्या संगणकवाल्याला अचानक खोकला आला.

“संतुलन हा माझा आयुष्यभराचा सिद्धांत आहे,” संचालक गंभीर झाले. “एकोणीस दिवसांपायी निसर्गाला बदनाम करायचं?”

निसर्गाच्या अब्रूची एवढी काळजी पाहून तिला गहिवरून यायला हवं होतं. तिने निबंध उचलून त्यांच्यापुढे ठेवला.

“माझं नाव काढा, सर. ते एकोणीस दिवस मी वेगळे छापणार आहे.”