खाचेला दिलेला रंग

गोदामाच्या मागच्या खोलीचं दार उघडलं, की आधी वास बाहेर यायचा आणि मग माणसं. चिलखताखाली घालायचे कापूस भरलेले जाड अंगरखे तिथे खुंट्यांवर टांगलेले असत. प्रत्येकात कुणा ना कुणाचा घाम मुरलेला, आणि ते धुवायचे असतात हे क्लबातल्या एकाही वीराला अजून पटलेलं नव्हतं. वहिनींनी सवयीने नाकाला रुमाल लावला. वडिलांच्या आजारपणामुळे त्या बऱ्याच महिन्यांनी इथे येत होत्या. तेवढ्या काळात क्लबाने कशात प्रगती केली असेल तर या वासात.

वहिनी म्हणजे सगळ्या क्लबाची वहिनी. नवरा इथला जुना लढवय्या, म्हणून हे नाव चिकटलं. पण काम त्यांचं स्वतःचं होतं. लढतीआधी प्रत्येक तलवार त्यांच्या हातून जायची. त्या ‘पास’ म्हणाल्या तरच ती रिंगणात उतरायची.

हा खेळ दिसायला भयंकर, पण मुळात हिशेबी. एरवी दुकान सांभाळणारी, कचेरीत जाणारी माणसं सुट्टीच्या दिवशी खरं चिलखत चढवतात आणि खऱ्या पोलादी तलवारींनी एकमेकांना बडवतात. तलवार खरी, पण तिला धार नसते. कडेची जाडी एकावर एक ठेवलेल्या दोन नाण्यांइतकी हवी. टोक अंगठ्यासारखं गोल हवं. आपटून आपटून कडेवर बारीक दाते उभे राहतात, ते कानशीने घासलेले हवेत. त्यासाठी सुती मोजा कडेवरून फिरवायचा. अडकला, तर तलवार बाहेर. जाडीसाठी खाचपट्टी असते. पोलादाची तळहाताएवढी पट्टी आणि तिला एक खाच. कड खाचेत शिरली की समजायचं, ती पातळ झाली. लोखंडी हातमोज्यावरच्या पट्ट्यांमधल्या फटीही त्याच मापाच्या ठेवतात, म्हणजे नियमातली तलवार बोटापर्यंत पोचूच शकत नाही. लहान मुलालाही समजेल इतकं हे सोपं आहे. मोठ्यांना ते अवघड जातं, कारण मोठ्यांना जिंकायचं असतं.

आज तर जिंकायचंच होतं. बाहेर रिंगणाभोवती खुर्च्या मांडून झाल्या होत्या, प्रेक्षक येऊन बसले होते. वहिनींचा नवरा आणि सेनापती यांच्यात जो जिंकेल तो मोठ्या स्पर्धेच्या संघात जाणार होता. नवरा कितीतरी वर्षं या संघासाठी झुरत होता. सकाळपासून त्याच्या घशाखाली घास उतरला नव्हता.

सेनापती म्हणजे क्लबाचे अध्यक्ष. एरवी त्यांचं गाद्यांचं दुकान होतं.

“या वहिनी, या! तुमच्यावाचून क्लब पोरका झाला होता,” ते म्हणाले. “पण काळजी नको. तुम्ही गेल्यापासून एकही तलवार नापास नाही.”

“एकही नाही?”

“एकही नाही! शिस्त म्हणतात ती हीच.”

वहिनींनी टेबलावरची खाचपट्टी उचलली आणि त्यांचा हात थबकला. पट्टी लालभडक होती. तेलरंगाचे जाड थर, कडेला ओघळ, आणि खाचेच्या आतही तोच रंग, साय धरावी तसा.

“ही कुणी रंगवली?”

“छान दिसते ना? आधी गंजकी होती. पाहुण्यांसमोर बरं दिसत नव्हतं.”

वहिनींनी नखाने खाच खरवडली. लाल पापुद्रा निघाला, त्याखाली दुसरा, त्याखाली तिसरा. त्यांनी टेबलावरची कानस उचलली आणि खाचेतला रंग खरवडून काढायला सुरुवात केली.

“अहो वहिनी! नवाकोरा रंग आहे!”

“म्हणूनच काढतेय.”

पोलाद उघडं पडल्यावर त्यांनी सेनापतींची तलवार मागितली. ती आरशासारखी चकचकीत होती. सुती मोजा तिच्यावरून कसा सुळसुळत गेला. मग त्यांनी कड खाचेवर टेकवली, आणि ती लोण्यात सुरी जावी तशी आत गेली.

खोलीत कुणीतरी खोकलं.

“असं कसं?” सेनापती म्हणाले. “माझ्याइतकी निगा कुणी राखत नाही. दर सरावानंतर घासतो.”

“त्यानेच झालंय. दाते घासताना कडही झिजते. एवढं घासल्यावर तलवार बदलायची असते.”

“म्हणजे निगा राखणाऱ्याला शिक्षा? वा रे न्याय!”

दोघंतिघं हसले. वहिनींनी दुसरी तलवार घेतली, तिसरी घेतली. एक आत गेली, एक खाचेबाहेरच अडली, पुढची पुन्हा आत गेली. हसणं हळूहळू थांबलं. शेवटी नवऱ्याने आपली तलवार स्वतःच पुढे केली, मुठीकडून धरून.

“इथे बघ. इथे लाव,” तो म्हणाला आणि मुठीजवळची जागा दाखवली. तिथे कड जाड होती, कारण तिथे कधी घाव बसतच नाही.

वहिनींनी त्याच्याकडे पाहिलं. नवशिक्याने ही चूक केली असती तर त्यांनी त्याला समजावून सांगितलं असतं. हा नवशिका नव्हता. त्यांनी पातं फिरवलं आणि जिथे घाव बसतात तिथे पट्टी लावली. तलवार आत शिरली.

“कुणी रंगवली म्हणालात?” त्यांनी पुन्हा विचारलं.

सेनापतींनी वर छताकडे पाहिलं.

“मी,” नवरा म्हणाला. “अगं, पहिला हात खरंच गंजासाठी मारला होता. देवाशपथ. मग लक्षात आलं की, सगळ्याच तलवारी पास होतायत...”

“आणि दुसरा हात? तिसरा?”

“सगळ्यांनीच ठरवलं. नव्या तलवारी मागवायच्या तर महिनोन्‌महिने वाट बघायची. तोवर काय, क्लब बंद ठेवायचा? आणि कुणाला लागलं का आजवर? सांग ना, लागलं का?”

त्यावर सगळे गप्प बसले. ती शांतता वहिनींना आवडली नाही. गप्प बसण्याचेही प्रकार असतात. ठाऊक नसलेली माणसं एकमेकांकडे बघतात. इथे सगळे जमिनीकडे बघत होते. फक्त बाकड्याच्या टोकाला बसलेली गाडीवाली त्यांच्याकडे बघत होती. ती गाडी चालवायला शिकवायची, म्हणून हे नाव. क्लबात येऊन तिला वर्षही झालं नसेल. आज तिने चिलखत घातलं नव्हतं.

“तू का नाही लढत?” वहिनींनी विचारलं.

“दारात बोट सापडलं,” ती पाठ केल्यासारखं म्हणाली. मग थोडं थांबून म्हणाली, “असं सांगायचं ठरलंय.”

“ए, आता तो विषय कशाला?” सेनापती म्हणाले. “झाकली मूठ सव्वा लाखाची.”

गाडीवालीने बोटाला बांधलेली पट्टी सोडली. मधल्या बोटाचं पेर चेचलेलं होतं, नख गेलं होतं, आणि टाक्यांच्या रांगेतून अजून पाणी झिरपत होतं. तिने पिशवीतून आपला लोखंडी हातमोजा काढून टेबलावर ठेवला. पट्ट्या जागच्या जागी होत्या, कुठे पोचाही नव्हता. फक्त दोन पट्ट्यांच्या मधलं चामडं सरळ चिरलेलं होतं.

“कुणाची तलवार?”

गाडीवालीची नजर वहिनींच्या नवऱ्याकडे गेली. नवराच म्हणाला, “सराव होता तो. लढत थोडीच होती? आणि हिनेच हात मध्ये घातला.”

घरी एकदा सासूबाईंच्या हातून काच फुटली, तेव्हा आपल्या पोरांच्या पायात जाऊ नये म्हणून हाच नवरा त्यांना पायताण घालायला लावत दिवसभर जमीन झाडत फिरला होता. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, ही म्हण वहिनींना आजवर गमतीची वाटायची.

“मग तुझी तलवार त्यानंतर तपासली कुणी?”

“खाचपट्टी लावली ना. पास झाली.”

“रंगवलेली पट्टी.”

बाहेरून टाळ्या ऐकू आल्या. प्रेक्षक कंटाळले होते. सेनापती वहिनींच्या जवळ आले आणि आवाज खाली आणून म्हणाले, “हे बघा वहिनी, आजच्यापुरतं. आम्ही दोघेही जुने खेळाडू. माझी हरकत नाही, यांची हरकत नाही. मग तुम्हाला काय अडचण?”

“नियमात हरकत विचारलेली नाही. जाडी विचारली आहे.”

“तुझाच नवरा आहे मी!” नवरा कळवळून म्हणाला. चेहरा घामाने थबथबलेला, अंगरख्यातून आंबूस वाफ येत होती. “आज नाही तर मला संघ नाही. पुढच्या वर्षी या वयात मला कोण विचारणार? अगं, तो रंगाचा डबा तिथेच आहे. एक हात मारू, वाळेपर्यंत दहा मिनिटं...”

वाक्य पुरं व्हायच्या आत त्यालाच ते ऐकू आलं असावं. पण तोंडातून निघून गेलं होतं. वहिनी एक पाऊल मागे सरकल्या. त्यांना त्याच्या वासाचा त्रास होत नव्हता. तो तर त्या वर्षानुवर्षं घरी धूत आल्या होत्या. या वाक्याला कुठला साबण लावायचा, ते त्यांना सुचेना.

“नापास,” त्या म्हणाल्या. “तुझी, यांची, ज्या ज्या आत गेल्या त्या सगळ्या. आज लढत नाही.”

त्यांनी तलवारी गोळा करून कपाटात ठेवल्या आणि कुलूप लावलं. कुणी अडवलं नाही. सेनापतींनी खुंटीवरचा टॉवेल घेऊन तोंड पुसलं. तो दुसऱ्याच कुणाचा तरी होता.

“घरी बोलू आपण,” नवरा हळूच म्हणाला. “सॉरी. बास?”

तो बोलत होता वहिनींशी. वहिनींनी त्याच्या खांद्याच्या पत्र्याला धरलं आणि त्याला वळवून गाडीवालीसमोर उभं केलं.

“हिला म्हण.”

त्याची नजर त्या बोटावर गेली. घाव घातला त्या दिवशी तिने हातमोजा काढायच्या आत तो पाणी आणायला गेला होता. बोट तो आत्ताच बघत होता. त्याचं नाक आक्रसलं, ओठ वाकडे झाले.

“शी! बाप रे!” तो तोंड फिरवत म्हणाला. “झाक ते आधी.”

गाडीवालीने हात मागे घेतला नाही. टेबलावर तसाच ठेवला.

“तू बस,” वहिनी तिला म्हणाल्या. “बाहेर सांगून येते, मग दवाखान्यात जाऊ. हे टाके बरे दिसत नाहीत.” आणि नवऱ्याकडे न बघता त्या प्रेक्षकांना लढत का रद्द झाली ते सांगायला निघाल्या. दारात त्यांनी रुमाल नाकावरून काढला आणि खिशात ठेवला, कारण तोंड झाकून सांगण्यासारखी ही गोष्ट नव्हती.