एकही दात बिघडला नाही

धाकटी परदेशातून शिकून आली तेव्हा तिच्या हातातल्या पिशवीत दोन हार्ड डिस्क होत्या. एक खरी आणि दुसरी तिची नक्कल, न जाणो पहिली रुसली तर. विमानतळावर थोरल्या भावाने पिशवी घ्यायला हात पुढे केला, तर हिने ती पोटाशी धरली.

"काय आहे एवढं त्यात?" त्याने विचारलं.

"वर्ष," ती म्हणाली. "अख्खं वर्ष भरून आणलंय."

"आणि आमच्यासाठी चॉकलेट?"

चॉकलेट राहिलंच होतं.

त्यांच्या घराची पुढची खोली म्हणजे आईची दातांची लॅब. दातांचे डॉक्टर पेशंटच्या तोंडाचा ठसा घेऊन पाठवायचे आणि आई त्यावरून कवळ्या आणि दातांच्या टोप्या बनवून द्यायची. तीस वर्षं हेच. भिंतीवरच्या फळीवर प्लास्टरचे जबडे ओळीने मांडलेले. थोरल्याचे मित्र म्हणायचे, तुमच्या घरात आल्या आल्या सगळे हसून स्वागत करतात.

पण आता लोकांना पुढचा दात सिरॅमिकचा हवा असतो, अगदी खऱ्यासारखा. त्याची पूड पाण्यात कालवायची, ब्रशने थरावर थर चढवायचे, हिरडीपाशी जरा पिवळट, टोकाला काचेसारखा, आणि मग भट्टीत भाजायचा. आईला ते कुणी शिकवलं नव्हतं आणि दोन वर्षांपासून तिचा उजवा हात थरथरायला लागला होता. म्हणून ठरलं, धाकटीने वर्षभर बाहेर जाऊन शिकायचं, परत येऊन पुढचे दात सांभाळायचे. आईने नवी भट्टीसुद्धा आणून ठेवली. तिच्यावरचं प्लास्टिक काढलं नव्हतं. ते धाकटीने काढायचं, असं आईचं म्हणणं.

तिकडच्या कार्यशाळेत बारा टेबलं होती आणि शिकवायला एक म्हातारे मास्तर. नाकाच्या शेंड्यावर चष्मा, बोलणं कमी. पहिल्याच दिवशी त्यांनी एक दात घडवून दाखवला आणि म्हणाले, "आता तुम्ही."

अकरा जण बसले. धाकटीने फोन स्टँडवर लावला.

आता यात तिचं काही चुकतंय असं तिला कसं वाटावं? ती लहानपणापासून वहीत आधी पेन्सिलीने लिहायची आणि मग पेनाने गिरवायची. खाडाखोड झाली तर पान फाडायची. तिचा हिशोब सरळ होता. बाकीची पोरं इथलीच, केव्हाही येतील. आपल्याकडे एकच वर्ष आहे. तेव्हा आत्ता सगळं गोळा करून घ्यावं, शिकायचं काय, घरी शांतपणे शिकता येईल. तिने मास्तरांचा प्रत्येक हात टिपला. एकूण तीनशे बारा व्हिडिओ, प्रत्येकाला नाव, तारीख, दाताचा क्रमांक. प्लास्टर ओतणं, मेण कोरणं, पॉलिश करणं ही कामं तिला आईकडूनच येत होती, ती झटपट उरकायची, म्हणून तिचं टेबल कधी रिकामं दिसलं नाही. फक्त ब्रशाचं काम उद्यावर जायचं. परीक्षा लेखी होती. त्यात ती पहिली आली. हातच्या कामाला गुणच नव्हते. मास्तर म्हणायचे, ते गुण गिऱ्हाईक देतं.

शेजारच्या टेबलावर एक लांबडी पोरगी बसायची. तिच्या हातून दात असे बिघडायचे की बघत राहावं. कुणाला तडा, कुणाला बुडबुडे, एक तर भट्टीतून शेंगदाण्यासारखा वाकडा निघाला. ती सगळे जॅमच्या बरणीत टाकायची आणि बरणी हलवून खुळखुळा वाजवायची.

"तुझी बरणी कुठाय गं?" तिने एकदा विचारलं.

"माझा एकही बिघडला नाही," धाकटी म्हणाली.

दर रविवारी फोनवर आईलाही तेच. "सगळ्यांचे बिघडतात. माझा एकही नाही." आईने हे वाक्य काम पाठवणाऱ्या डॉक्टरीणबाईंना सांगितलं, दूधवाल्याला सांगितलं, समोरच्या काकूंना तर दोनदा.

घरी येऊन चार दिवस झाले आणि डॉक्टरीणबाईंकडून ठशाची डबी आली. डबीमागोमाग पेशंटही आल्या, दाताची रंगछटा जुळवायला. प्राथमिक शाळेतल्या बाई. समोरचा दात अर्धा तुटलेला. तोंडावर पदर धरूनच बोलत होत्या.

"सोमवारी शाळा उघडते हो. पहिलीची पोरं, सगळं त्यांना दिसतं. आणि 'स' म्हणायला गेलं की शिट्टी वाजते."

"सोमवारच्या आत बसेल," आई म्हणाली. "आमची धाकटी करणार आहे. बाहेर शिकून आलीय. एकही बिघडवला नाही तिने."

धाकटी गोड हसली. तेव्हा ते हसू खरं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने भट्टीवरचं प्लास्टिक काढलं, लॅपटॉप शेजारी मांडला आणि व्हिडिओ लावला. मास्तरांचा हात पडदाभर मोठा, स्वच्छ उजेडात. ब्रश बुडाला, हिचाही बुडाला. थर चढला, हिचाही चढला. मास्तरांचा थर जागच्या जागी राहिला. हिचा पाघळून खाली आला. तिने पूड घट्ट कालवली, तर भट्टीतून तडा घेऊन आला. पातळ केली, तर बुडबुडे. चौथा दात आकाराला बरा निघाला, पण रंगाने पांढराफटक, मेल्यासारखा.

पूड नेमकी किती ओली ठेवायची, तेच कळत नव्हतं. व्हिडिओत सगळं दिसत होतं, ओल तेवढी दिसत नव्हती.

शुक्रवारी दुपारी, नवव्या दातानंतर, ती हात पुसायला उठली आणि व्हिडिओ बंद करायचा राहिला. एरवी मास्तरांचा हात थांबला की ती पुढचा लावायची. आज तो तसाच चालू राहिला. मास्तरांचा आवाज आला.

"झालं. फोन ठेव आता. ये, बस इथे."

मग तिचाच आवाज, उत्साहाने भरलेला. "थांबा सर, हे एवढं घेते. उद्या बसते."

ती लॅपटॉपपाशी आली. दुसऱ्या व्हिडिओचा फक्त शेवट लावला. "आज तुझा हात बघू," मास्तर म्हणत होते. तिसऱ्याचा शेवट, "फोनला शिकवतोय की तुला?" आणि मागे लांबडीचं हसणं. चौथ्या महिन्यात, "बसायचंय?" एवढंच. सातव्या महिन्यात त्यांनी तिच्याकडे नुसतं पाहिलं, तेही पुसटसं, कडेला. त्यानंतरच्या व्हिडिओंत काम संपलं की ते ब्रश धुऊन ठेवत होते आणि निघून जात होते. ती एकामागून एक शेवट लावत गेली. कुठेच पुन्हा विचारलेलं नव्हतं.

तिने त्यांना मेसेज केला. 'सर, पाण्याचं प्रमाण नक्की किती?'

तासाभराने उत्तर आलं. 'हे विचारायला वर्षभर तू माझ्यापासून चार हातांवर उभी होतीस.'

आई चहा घेऊन आली. टेबलावरचे नऊ दात तिने बघितले. एक उचलून भिंगाखाली धरला, थरथरत्या हाताला दुसऱ्या हाताचा टेकू देऊन.

"न्हाणीघरातल्या फरशीसारखा झालाय गं."

"हो."

"तिकडे किती बिघडवलेस?"

धाकटीने खाली पाहिलं. "एकही नाही."

आईने भिंग ठेवलं. मग म्हणाली, "मी शिकताना तुझ्या आजोबांच्या तोंडात सहा कवळ्या बिघडवल्या. बिचारे वर्षभर चावायचं सोडून नुसते गिळत होते. मला वाटलं, माझी लेक माझ्यापेक्षा हुशार."

तिने डबी उचलली आणि फोन लावला. पलीकडच्या चौकातल्या लॅबवाल्याला. तीस वर्षांत त्याच्याकडे तिने एकही दात पाठवला नव्हता. "एक काम होतं हो," असं म्हणताना तिचा आवाज असा झाला की धाकटी उठून स्वयंपाकघरात गेली आणि नळ सोडून उभी राहिली.

सोमवारी शाळा सुटल्यावर बाई आल्या. पदर खांद्यावर, तोंड उघडं. "स, सा, सि, सी," त्यांनी म्हणून दाखवलं. "शिट्टी गेली. पोरीने काय दात केलाय. बाहेरचं शिक्षण दिसतं हो."

आई काहीतरी बोलणार होती.

"तो माझा नाही, बाई," धाकटी म्हणाली. "पलीकडच्या लॅबचा आहे. माझे यात आहेत." तिने लोणच्याची रिकामी बरणी पुढे केली. आत सतरा होते.

बाईंनी बरणीकडे पाहिलं, मग आईकडे. "होईल, होईल," म्हणाल्या आणि चपला घातल्या.

धाकटी परत टेबलाशी बसली. बोलण्याच्या नादात ब्रश वाळून कडक झाला होता. तिने तो पुन्हा पाण्यात धरला. तिकडे आत्ता सकाळ असेल. नवीन पोरं आली असतील, बारा टेबलं भरली असतील, मास्तरांनी दात घडवून दाखवला असेल. आता ते चष्म्यावरून सगळ्यांकडे बघून म्हणत असतील, "आता तुम्ही."