धाकट्या सिस्टरचे हात थांबले तेव्हा

मी एक स्टूल बोलतोय. व्याकरणात मी ‘ते’ आहे, पण ‘बोलतंय’ म्हणताना मलाच अवघडल्यासारखं होतं, तेव्हा एवढं चालवून घ्या. मला लोखंडी दांडा, वर गोल गादी, गादीवर हिरवं रेक्झिन आणि खाली पाच चाकं. पायाला चाकं आली की माणूस काय नि स्टूल काय, एका जागी ठरत नाही. भाजलेल्या रुग्णांच्या वॉर्डात, ड्रेसिंगच्या खोलीत, अकरा वर्षं मी असा सरकतोय. टेबलाकडून ट्रॉलीकडे, ट्रॉलीकडून टेबलाकडे.

कारखान्यात माझ्याबरोबर चाळीस भावंडं तयार झाली. कुणी सलूनमध्ये गेलं, कुणी दातांच्या दवाखान्यात. माझ्या वाट्याला धाकट्या सिस्टर आल्या. वॉर्डाच्या प्रमुख त्या मोठ्या सिस्टर, म्हणून या धाकट्या.

भाजलेल्या जखमेवरची जुनी पट्टी आधी सलाईनने भिजवावी लागते. कोरडी ओढली तर नवी आलेली कातडी तिच्याबरोबर निघते. भिजायला दहा मिनिटं लागतात. त्या दहा मिनिटांत धाकट्या सिस्टर समोरच्याशी इतक्या बोलायच्या, की चिमटा कधी लागला ते त्याला कळायचंही नाही. कुणाची सून कशी, कुणाच्या म्हशीने लाथ कशी मारली, सगळं मला ठाऊक. खोली साफ करणाऱ्या मावशी म्हणायच्या, “सिस्टर, तुम्ही पट्टी सोडता की पोटातलं गुपित?”

मग वॉर्डातल्या दोन सिस्टर नोकरी सोडून गेल्या. त्यांच्या जागी कुणी आलं नाही. दिवसाची नऊ ड्रेसिंग होती, ती सोळा झाली. दहा मिनिटांची सहा झाली, सहाची तीन. गप्पा आटल्या. सिस्टरची टाच माझ्या दांड्याला असलेल्या, पाय टेकायच्या कड्यावर सारखी थडथडू लागली. त्या बसलेल्या असायच्या, पण बसलेल्या नसायच्या.

त्यातच सात वर्षांची एक मुलगी गेली. चाळीस दिवस तिचं ड्रेसिंग सिस्टरनीच केलं होतं. ती सकाळी गेली. दुपारी तिच्या खाटेवर नवी चादर आणि नवा पेशंट. कुणी कुणाशी काही बोललं नाही. सिस्टरनी नवे हातमोजे घातले आणि हाक मारली, “पुढचे या.”

त्यानंतर साधारण महिन्याने तो वेल्डर आला. दोन्ही हात कोपरापर्यंत भाजलेले, पण तोंड शाबूत. “सिस्टर, माझं काम जोडायचं, तुमचं सोलायचं,” असं म्हणून तोच हसायचा. एरवी सिस्टरही हसल्या असत्या. त्या दिवशी म्हणाल्या, “हात सरळ ठेवा.”

“आज बरं नाही का तुम्हाला?”

“हात सरळ ठेवा म्हटलं ना.”

बाहेर सात जण बसले होते. पट्टी पुरती भिजली नव्हती. सिस्टरनी ती ओढली.

तो ओरडला नाही. मान भिंतीकडे वळवून रडला. सिस्टरनी मलम लावलं, नवी पट्टी बांधली, त्याला पाठवलं. मग हातमोजे उचलले आणि तसेच मांडीवर धरून बसल्या. मी जरा मागे गेलो, जरा पुढे आलो, पुन्हा मागे. त्या नुसत्या मला हलवत होत्या.

मावशी आल्या. “घेऊ का पुढचा?”

“मावशी, माझे हात पुढे जात नाहीयेत.”

मावशींनी दार लोटलं. बादली उपडी घातली आणि समोर बसल्या. सिस्टरच बोलू लागल्या.

“तो रडला आणि मला काही वाटलं नाही, मावशी. काहीच नाही. परवा घरी लेकीचा गुडघा फुटला. मी धुतला, पट्टी केली, उठले. नवरा म्हणाला, अगं, जवळ तरी घे तिला. माझ्या लक्षातच आलं नव्हतं.”

“त्या गेलेल्या पोरीसाठी रडलात का तुम्ही?”

“कधी रडणार? ड्रेसिंग होती ना.”

तेवढ्यात मोठ्या सिस्टर आत आल्या. “काय चाललंय? बाहेर सात जण बसलेत.”

“बसू देत,” मावशी म्हणाल्या. “आत आठवी बसलीय.”

मला वाटलं, आता मावशींची काही धडगत नाही. पण मोठ्या सिस्टर धाकट्या सिस्टरच्या हातांकडे बघत राहिल्या. मग त्यांनी मनगटावरचं घड्याळ काढून खिशात टाकलं. “उठू नकोस. थोडी बाजूला सरक,” म्हणाल्या आणि उभ्यानेच सातही ड्रेसिंग केली, सावकाश, सवय मोडलेल्या हातांनी. सगळं संपल्यावर म्हणाल्या, “मी ऑफिसात गेले ती बढतीसाठी, असं सगळ्यांना वाटतं. मी इथून पळाले होते गं. कुणी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही.”

दुसऱ्या दिवशी धाकट्या सिस्टर वेल्डरच्या खाटेपाशी मला ओढत घेऊन गेल्या. “काल मी घाई केली. चूक माझी होती.”

त्याने आपल्या पट्टीकडे पाहिलं. “घाईचा जोड मला माहीत आहे,” म्हणाला. “वरून चांगला दिसतो. आतून धरत नाही.”

सिस्टरना दोन महिने लसीकरणाच्या खोलीत पाठवलं. “तिला झेपलं नाही,” असं काही जण म्हणाले. माझ्यावर दुसऱ्या बसल्या, माझी चाकं फिरतच राहिली, पण माझं लक्ष दाराकडे. त्या परतल्या तोवर मोठ्या सिस्टरनी वरच्यांशी भांडून एक माणूस वाढवून घेतलं होतं. पाच ड्रेसिंग झाली की हात बदलायचे, म्हणजे दुसरीने बसायचं, असं ठरलं होतं. कुणी गेलं, तर त्याच दिवशी सगळ्यांनी अर्धा तास एकत्र बसायचं. पहिल्यांदा बसले तेव्हा कुणी अवाक्षर काढलं नाही. दुसऱ्यांदा मावशी रडल्या. मग सगळ्यांना वाट मिळाली.

सगळं सुरळीत झालं असं मात्र नाही. रजा, आजारपणं यांनी माणसं कमी पडली, की नियम मोडतो आणि मी पुन्हा सुसाट. माझं एक चाक निखळलंय, रेक्झिन फाटलंय. लवकरच मला भंगारात काढतील.

या आठवड्यात एक नवी सिस्टर माझ्यावर बसते. पहिल्या ड्रेसिंगनंतर तिचे डोळे भरले. “सवय होईल ना, ताई?” तिने विचारलं.

“हाताला होईल,” धाकट्या सिस्टर म्हणाल्या. “बाकीचं मला सांगत जा.”

तुम्ही कधी आपल्या माणसाला भेटायला अशा वॉर्डात आलात, तर त्याची चौकशी कराच. पण जाता जाता पट्टी बांधणारीलाही विचारा, जेवलात का. ‘हो’ म्हणाली, तर लगेच विश्वास ठेवू नका. चला, दार वाजलं. मला सरकायला हवं.