बिब्ब्याची तार

सोमवारी माया मेढ्याच्या दवाखान्यात नर्स म्हणून हजर होणार होती. आठवड्यातले तीन दिवस डोंगरातल्या वस्त्यांवर फिरायचं. तिथं एसटी पोचत नाही, म्हणून तिनं वीस वर्षांची पांढरी गाडी घेतली होती. आणि ती गाडी आठ दिवस थरथरत होती. पळताना ठीक, थांबली की अंगात कापरं, आणि मग बंद.

वडलांनी सांगून टाकलं होतं, "शनिवारपतूर नीट झाली तर जा. न्हाईतर मेढा सोड."

आज शनिवार होता.

पलूसच्या फाट्यावर मंगलचं गॅरेज. नवरा गेल्यापासून तीच चालवायची. मायाबरोबर तिची आजी हरणाबाईही आली होती, न बोलावता. उभी उमर तिची मेंढरांमागं गेली, जतच्या माळावर. आता बाभळीच्या सावलीत लोकर कातायची टकुरी फिरवत बसली होती.

मंगलनं प्लग काढून पाहिले. ठीक. थ्रॉटल खोलून पुसला, फडकं काळं झालं. गाडी चालू केली, तर हवेच्या डब्यावर ठेवलेला पाना खडखडत खाली आला.

"रेस दिली की गप, सोडली की कापती," मंगल म्हणाली. "कुठनं तरी जादा हवा चोरतीय ही."

हरणाबाई सावलीतून म्हणाली, "कोकराच्या छातीत पानी झालं की आसंच वाजतं. सूं सूं."

"आवं आज्जी, मग तुमीच सांगा की कुठं वाजतंय."

म्हातारी उठली. इंजिनावर वाकली, कान दिला. मग तिचा हात अर्ध्यावर थांबला आणि पदराआड गेला. "मला काय कळतंय गाडीतलं," असं पुटपुटत ती परत फिरली.

मंगलनं एकेक रबरी नळी चिमटीत धरायला सुरुवात केली. पहिली, दुसरी, थरथर तशीच. मागची, काळवंडलेली नळी दाबली, तशी गाडी शांत झाली. दूध पिऊन झोपी गेलेल्या लेकरासारखी. सोडली, पुन्हा कापरं.

"सापडली." बोटांनी चाचपत मंगलनं खालून काहीतरी ओढलं. बारीक तारेत ओवलेला बिब्बा, सुकलेलं लिंबू, दोन मिरच्या. तार हादऱ्यानं घासत घासत नळीत रुतली होती.

मायानं वळून पाहिलं. "आज्जे. तू बांधलंस?"

"व्हय."

"मी जाऊ नये म्हनून?"

हरणाबाईच्या हातातली टकुरी थांबली. "तसं आसतं तर चाकातली हवा सोडली नसती व्हय?" मग आवाज उतरला. "म्होरं बांधलेलं तू काढून टाकलंस. डाक्टर लोक हसत्यात म्हनलीस. लोकरीचा दोरा तुटंल म्हनून तार घेतली, आन् आत बांधलं, कुनाला दिसू न्हाई म्हनून. जावंस आन् माघारी यावंस, एवढंच."

मंगलनं गाडी बंद करून तार तोडली, रुतलेलं तेवढं टोक कापलं आणि उरलेली नळी ओढून बसवली. "लांबी हाय अजून हिच्यात. पन सातारच्या वाटंला लागायच्या आधी नवी टाकू."

गाडी चालू केली. डब्यावर पुन्हा ठेवलेला पाना जागचा हलला नाही. मंगलनं सगळे दिवे लावले, पंखा लावला, ब्रेक दाबला, पाव तास तशीच ठेवली. "सांग तुझ्या बाला. म्हनावं घाटात चालंल. न्हाई चालली तर मला फोन."

माया बाभळीखाली आजीजवळ उकिडवी बसली. टकुरीवरचा काळा दोरा तिनं वीतभर ओढून घेतला आणि बिब्बा त्यात ओवू लागली.

"तसं न्हवं," हरणाबाई म्हणाली. "दोन गाठी मार. आन् म्होरं बांध, बाहीर. इंजनाला बोट लावू नगंस."

"हसले डॉक्टर तर?"

"हसू दे की. हसतील तवा तू मेढ्यात आसशील."