मोहेअरच्या शालीचा सूड

मी एक जुनी मोहेअरची शाल आहे. मित्रांनो, आपली कहाणी सांगणाऱ्या वस्तू शेवटी सगळ्यांना माफ करून टाकतात. मी केलेलं नाही, हे आधीच सांगते.

अंगोरा नावाच्या परदेशी शेळ्या असतात. त्यांच्या लांब, कुरळ्या केसांना मोहेअर म्हणतात. करडाची पहिली कातरणी सगळ्यात मऊ, आणि मी तिचीच. ते केस धुऊन त्यांतली चिकट चरबी काढली, विंचरून आखूड केस वेगळे केले, मग सूत कातून गर्द डाळिंबी रंगात बुडवलं. मेंढीच्या लोकरीवरचे बारीक खवले उभे असतात, म्हणून ती टोचते. माझ्या केसांवरचे खवले चपटे. त्यामुळे मी गुळगुळीत आणि चमकदार. मुठीत आवळून सोडलं तरी माझ्यावर सुरकुती राहत नाही. याच गुणांनी माझा घात केला.

नांदेडच्या खाजाभाई शिंप्यांनी मला आपल्या लेकीच्या, नाझनीनच्या लग्नात दिलं. "असली चीज हाय बेटा, जपून वापर," एवढंच म्हणाले. धर्माबादला सासरी आल्यावर नाझनीनच्या मोठ्या जावेनं, नाजियानं, मला चारचौघींत मुठीत आवळलं, सोडलं आणि ती हसली.

"बघा की, चुणीसुद्धा पडंना. अन् चमकती कशी! प्लास्टिक हाय हे. तुझ्या अब्बानं फसवलं आमाला."

नाझनीनचा चेहरा उतरला. गोष्ट खाजाभाईंच्या कानावर गेली. खरा केस जाळला की चुरा होणारी राख उरते, प्लास्टिक वितळून त्याची गाठ होते. ते एक दोरा जाळून दाखवू शकले असते. "माझ्या शब्दावर भरवसा न्हाई, तर दोरा कशाला जाळू?" असं म्हणून त्यांनी लेकीलाही दोरा न जाळण्याची शपथ घातली, आणि तिच्या घरी येणं बंद केलं. ईदलाही आले नाहीत. नाझनीन शिरखुर्मा ढवळता ढवळता दाराकडे बघत राहायची. मला नाजियाचा असा राग यायचा की काय सांगू!

उन्हाळ्यात पेटी भरताना नाझनीननं डांबरगोळ्या आणल्या. नाजियानं त्या काढून टाकल्या. "माझ्या पश्मिन्याला वास लागंल. अन् तुझ्या प्लास्टिकला कुठली कसर खाती?" तिची पश्मिना शाल हैदराबादच्या बाजारातली, म्हणे एकदम असली. तिच्यावर धूळ बसू नये म्हणून मला तिच्याभोवती गुंडाळलं. मी गवसणी झाले, मित्रांनो!

मग पेटीत कसर लागली. कसरीची अळी लोकर खाते, केस खाते, रेशीम खाते. प्लास्टिक मात्र तिला पचत नाही. ती मला कुरतडू लागली तेव्हा दुखलं, पण आनंदही झाला, खोटं कशाला बोलू? खा बाई पोटभर, म्हटलं, आणि आत जाऊन हिचीही चव बघ. ती गेली, आणि तोंड वाकडं करून माझ्याकडेच परत आली.

थंडीत पेटी उघडली. माझी चाळण झाली होती. पश्मिना जशीच्या तशी.

"बघा अम्मी!" नाजिया ओरडली. "असली मालाला काय होत न्हाई."

सासू चांदबींनी दोन्ही शाली मांडीवर घेतल्या, बराच वेळ बोटं फिरवली. "नाजिया, कसर खरा केसच खाती. तुझ्या शालीला तिनं तोंड लावलं न्हाई."

"मंग माझी...?"

"हाव. तुझीच प्लास्टिक हाय."

नाजियाचं तोंड बघायला हवं होतं तुम्ही. मी बघितलं, भोकाभोकातून बघितलं.

चांदबींनी स्वतः फोन करून खाजाभाईंची माफी मागितली. ते आले, लेकीच्या हातचा चहा प्यायले आणि मला रफू करायला बसले. मला ताणून धरायचं काम सासूनं नाजियाला दिलं. मी तिच्या काळ्या ओढणीवर मुद्दाम केस गाळत राहिले.

काठाजवळचं एक मोठं भोक उरलं. "हेबी बुजवा ना, चाचा," नाजिया हळूच म्हणाली. खाजाभाईंनी लेकीकडे पाहिलं.

"ऱ्हाऊ द्या, अब्बा," नाझनीन म्हणाली.

मित्रांनो, लोकरीच्या कपड्यांना ऊन दाखवा, डांबरगोळ्या ठेवा, त्यांना जपा. आणि खात्री नसताना कुणाच्या बापाला खोटं ठरवू नका. आता प्रत्येक लग्नात नाझनीन मला असं पांघरते की ते भोक बरोबर खांद्यावर येतं. बायका विचारतात, "अगं, एवढ्या चांगल्या शालीला हे काय झालं?"

नाझनीन गोड हसून म्हणते, "भाभीला विचारा."