हिदेयोशीने काढून घेतलेल्या तलवारी

नेमसिंग नायकाने गुळाचा खडा तोंडाकडे नेला आणि मानी ओरडली, "बा, थांब!"

एकदा दोन्हीकडच्यांनी गूळ खाल्ला की तांड्यात सोयरीक पक्की. मग ती ब्रह्मदेवाच्या बापालाही मोडता येत नाही. बोरी अरब गावचे हरिसिंग पोरासाठी तोच गूळ खायला आले होते. म्हणजे दिवाळीनंतर मानी सासरी आणि नववीचं दप्तर खुंटीला!

हरिसिंग कुत्सित हसले. "महाराष्ट्र नवा झाला, तसं पोरींचं डोकंही नवं झालं काय, नायक? घाटंजीच्या शाळेत हेच शिकवतात?"

"इतिहास शिकवतात," मानी म्हणाली. "जपानच्या हिदेयोशीचा सांगू?"

"घरात जाय!" नेमसिंग गुरगुरला.

"सांगू द्या ना, तेवढीच करमणूक." हरिसिंगांनी मिशी पिळली.

मानीने मान खाली घातली नाही.

"साध्या शेतकऱ्याचा पोरगा. धन्याच्या चपला सांभाळे. लढता लढता साऱ्या जपानचा मालक झाला. अन् मंग काय केलं? शेतकऱ्यांच्या तलवारी काढून घेतल्या. म्हने, शेतकऱ्यानं शेतकरीच राहावं."

"काहून वं?" दाराआडून मानीच्या याडीने, आईने, विचारलं.

"ज्या रस्त्यानं तो वर चढला, त्या रस्त्यानं दुसरं कोनी येऊ नये म्हनून."

नेमसिंगचा हात गुळासकट अधांतरी राहिला. तोही बैल हाकणाऱ्याचा पोरगा. चार बुकं वाचता येतात म्हणूनच तर तांड्याने त्याला नायक केलं होतं.

"मले लावून बोलून राह्यली काय?"

"मी जपानचं सांगून राह्यली."

"जीभ छाटून टाकीन!"

"काही हरकत नाही, नायक," हरिसिंग म्हणाले. "आमच्या घरी पयल्याच दिवशी हिची बुकं चुलीत घालू. आपोआप सरळ होईल. खा तुम्ही गूळ."

नेमसिंगने त्यांच्याकडे पाहिलं. मग लेकीला विचारलं, "त्याच्या मांगं राज्य कोनाले भेटलं?"

"त्याच्या पोराले. पन दुसऱ्यानं किल्ला जाळला, पोरगा आतच मेला. खानदानच संपलं, बा."

नेमसिंगने गूळ ताटलीत ठेवला. बोटं धोतराला पुसली.

"हरिसिंग, बंडीचे बैल सोडले काय?"

"सोडले. काहून?"

"जुपून घ्या."

मानीकडे त्याने ढुंकूनही पाहिलं नाही.